काळं निघतच राहतं

या कामात मी पडलो तो घरच्या जुन्या बजाज चेतकमुळे. पाय ठेवायच्या जागेवर रबर बसवलेल्या ज्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात ना, त्या पार पांढरट, खरखरीत झाल्या होत्या. भोसरीतल्या एका बफिंगवाल्याकडे, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर (बफवर) धातू चमकवणाऱ्या मिस्त्रींकडे, त्या घेऊन गेलो आणि सहज विचारलं, "बसून बघू का जरा?" ते बघणं दोन वर्षं चाललं. आता जुन्या स्कूटर-मोटारींच्या पट्ट्या आणि बीडिंग (कडेने बसवलेली बारीक धातूची पट्टी) चमकवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. यात नव्याने येणारी मुलं विचारत असतात, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी हातात एक पट्टी, मेटल पॉलिश आणि जुन्या बनियनचं फडकं दिलं. घासलं, फडकं काळं. दुसरं घेतलं, तेही काळं. मळ निघतोय या समजुतीने मी तासभर घासत होतो. शेवटी मिस्त्री म्हणाले, "अरे, ते काळं म्हणजे पट्टीच आहे. निघायचं थांबेल म्हणून बसलास तर हातात फडकंच उरेल." पॉलिशमधले बारीक कण धातू खरवडतात आणि ती भुकटी काळी दिसते. पट्टीकडे बघायचं, फडक्याकडे नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं सगळे म्हणतात. गंजतं, फक्त तांबडं होत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. मिठाच्या हवेत तो थर जागोजागी फुटतो, खड्डे पडतात, वर पांढरी भुकटी येते. कोकण-गोव्याकडून आलेली स्कूटर मी पट्ट्यांवरूनच ओळखतो. हा ऑक्साइड म्हणजे रसायनाच्या भाषेत कुरुंदाचा, म्हणजे घासायला वापरतात त्या कठीण दगडाचाच भाऊ, आणि खालचा धातू मात्र मऊ. म्हणून कोरडं घासू नका. आधी साबणपाण्याने भिजवा आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने भुकटी काढा.

आता माझी चूक. गिऱ्हाईकाची जर्मन गाडी होती, काचेभोवती मंद चकाकीची पट्टी. तिच्यावर मी इंजिन धुवायचा क्षारयुक्त क्लीनर मारला, तोही भर उन्हात. दहा मिनिटांत दुधाळ ओघळ उठले. डाग समजून पॉलिश लावलं, तर तेवढाच तुकडा आरशासारखा झाला आणि बाकीची पट्टी तशीच मंद. पदरच्या पैशांनी नवी पट्टी बसवून दिली. आमची आजी ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाच जर्मन म्हणायची. जर्मनच्या पातेल्यात सोडा घालून उकळलं की पातेलं काळं पडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला ते जर्मन गाडीवर शिकावं लागलं.

ती पट्टी ॲनोडाइझ केलेली होती. म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज सोडून ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेला, काही मायक्रॉनचा. तीव्र आम्ल आणि तीव्र क्षार दोन्ही तो थर खातात. आणि एकदा गेला की फडक्याने परत येत नाही. सगळा थर उतरवून पुन्हा ॲनोडाइझ करावं लागतं.

म्हणून हात लावण्याआधी मल्टिमीटर काढा. कंटिन्युइटीवर (वीज आरपार गेली की बीप देणारी सेटिंग) ठेवून मीटरची दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. बीप आला तर धातू उघडा आहे, खुशाल घासा. नाही आला तर वर ॲनोडाइझिंग आहे किंवा लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर. टोकं रुतवू नका, थर फुटून खोटा बीप येतो. आत दडलेल्या कोपऱ्यावर थिनरचा बोळा धरला आणि थर मऊ पडला तर बहुधा लॅकर. ॲनोडाइझिंग असेल तर सौम्य शांपूने धुवा, मेण लावा आणि गिऱ्हाईकाला सरळ सांगा की याहून जास्त होणार नाही. असं सांगायला मला वर्ष लागलं.

उघड्या धातूवर खड्डे असतील तर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद: ४००, ६००, ८००, १२००, २०००; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पाण्यात थोडा साबण घालायचा आणि प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. ४०० चा एक ओरखडा बफवर असा काही उठून दिसतो की मुकाट्याने मागे यावं लागतं.

बफच्या मशीनवर लांब पट्टी एकट्याने धरू नका. चाकाच्या मध्याखाली धरायची आणि धार चाकाच्या फिरण्याच्या दिशेकडे ठेवायची, उलट नाही. उलट धरलेली पट्टी चाक हिसकावून घेतं आणि चाबकासारखं फिरवतं. चष्मा हवाच; हातमोजे मात्र मशीनवर नकोत, चाकात ओढले जातात. ॲल्युमिनियमची भुकटी पेट घेते, तेव्हा शेजारी लोखंडाचं ग्राइंडिंग चालू नसावं. लोखंडाला वापरलेला बफही इथे चालत नाही.

स्टील वूल दुकानातच ठेवू नका. त्याचे कण पट्टीत रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. पट्ट्या बसवताना जुने लोखंडी स्क्रू टाकून द्या, स्टेनलेसचे घ्या, खाली नायलॉनचा वायसर आणि बोटभर ग्रीस. दर मी रनिंग फुटावर लावतो, खड्डे असतील तर दुप्पट, आणि काम घेण्याआधी पट्टीचा फोटो काढून ठेवतो.