टायटॅनियमच्या चाकूला रंग चढवताय? या चुका टाळा

टायटॅनियमच्या मुठीचा घडीचा चाकू घरच्या घरी निळा, जांभळा किंवा सोनेरी करता येतो आणि त्यासाठी रंगाचा एक थेंबही लागत नाही. सौम्य क्षाराच्या पाण्यात मूठ बुडवून तिला डीसी पुरवठ्याचं धन टोक जोडलं की धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. थराच्या वरून आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यातले काही रंग पुसले जातात आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो, त्यातलाच हा प्रकार. थराची जाडी दर व्होल्टला साधारण 2 नॅनोमीटर वाढते, म्हणून व्होल्टेज ठरवलं की रंग ठरतो. रंग उठावदार येणार की मळकट, हे मात्र वीज सुरू होण्याआधीच पक्कं झालेलं असतं. बहुतेक बिघाड तिथलेच असतात.

चाकू टायटॅनियमचा आहे ना?

ऑनलाइन ‘टायटॅनियम चाकू’ म्हणून विकले जाणारे बरेच चाकू पोलादाचेच असतात, वर फक्त टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो. त्यांना हा रंग चढत नाही. लोहचुंबकावरही भिस्त ठेवू नका, कारण 304 जातीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळपास दादच देत नाही. उत्पादकाने मुठीचा धातू कोणता दिलाय ते वाचा. चांगल्या चाकूंत सहसा 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेला ग्रेड 5 मिश्रधातू असतो.

पूर्ण न उघडता बुडवणं

पातं, पिव्होटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा) स्क्रू, बेअरिंग आणि कित्येकदा खिशाची क्लिपसुद्धा स्टीलची असते. फ्रेम लॉकच्या (उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या मुठीच्याच पट्टीच्या) टोकाला स्टीलचा छोटा तुकडा बसवलेला असेल तर तोही काढा. स्टीलचा एखादा भाग धन टोकाला जोडलेला राहिला, तर वीज त्यातूनच वाहत राहते. करंट उतरत नाही, व्होल्टेज चढत नाही, फेस येतो, पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि तो भाग झिजतो. मुठीला धरणारी तारही टायटॅनियमचीच हवी. तांब्याची क्रोकोडाइल क्लिप पाण्याच्या वरच राहू द्या. स्टेनलेसचा पत्रा चालतो तो फक्त ऋण टोकाला. तो मुठीच्या एकाच बाजूला उभा केला तर मागची बाजू मागे पडते, म्हणून दोन्ही बाजूंना ठेवा.

पाण्यात मीठ घालणं

‘वीज वाहायला मीठ घाला’ हा सल्ला ऐकू नका. मिठातल्या क्लोराइडमुळे टायटॅनियमवर बारीक खड्डे पडतात आणि क्लोरीन वायू सुटतो. टाकणखार किंवा खायचा सोडा वापरा, एक लिटरला एक-दोन चमचे पुरतात. पाणी बोअरचं नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर सहज मिळतं, तेच घ्या.

साफसफाईत घाई

डागाळलेला, पट्टे पडलेला रंग आला की लोक पॉवर सप्लायला दोष देतात. दोष बहुधा बोटांच्या तेलाचा असतो. भांडी धुण्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने मूठ घासा, मग ॲसिटोनने पुसा. नंतर त्यावर पाणी सोडून नीट बघा. पाण्याचा अखंड पडदा पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाण्याने कुठे माघार घेतली, थेंब गोळा झाले, तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा घासा. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको, हातमोजे घाला.

पॉलिशपेपरने घासायचं असेल तर एकाच दिशेने घासा. ऑक्साइडचा थर ओरखडे झाकत नाही, उलट जास्त उठून दाखवतो.

आधीचा रंग काढायला काही जण हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. घरी हे अजिबात करू नका. ते कातडीतून आत शिरतं, जळजळ कधी कधी तासांनी सुरू होते आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. अमोनियम बायफ्लोराइडचाही धोका त्याच जातीचा. त्यापेक्षा पॉलिशपेपरने घासून रंग काढा. वेळ लागतो, पण हात शाबूत राहतात. फक्त लॉक जिथे पात्याला टेकतो तो पृष्ठभाग आणि पिव्होटचं भोक घासू नका. तिथला धातू थोडा जरी गेला तरी लॉकची पकड बदलते.

डिमरस्टॅटचा जुगाड

या एका चुकीने जीव जाऊ शकतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जोडून स्वस्तात डीसी मिळवण्याची कल्पना आपल्याकडे सर्रास सुचवली जाते. पण डिमरस्टॅटमध्ये एकच वाइंडिंग असतं. त्यामुळे मेन्सपासून, म्हणजे घरातल्या वीजलाइनपासून, अलगपणा नसतो. मीटर 30 व्होल्ट दाखवत असला तरी जमिनीच्या तुलनेत टबातलं पाणी 230 व्होल्टवर असू शकतं. करंट मर्यादित करता येणारा, मेन्सपासून अलग असलेला डीसी पॉवर सप्लायच घ्या. 9 व्होल्टच्या 10 बॅटऱ्या ओळीने जोडल्या की 90 व्होल्ट होतात, तेही ओल्या हाताला खेळणं नाही. मूठ हलवण्याआधी सप्लाय बंद करा आणि खिडकी उघडी ठेवा, कारण ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो.

रंग चुकतोय असं वाटतं तेव्हा

साधारण क्रम असा: 15–20 व्होल्टला ब्राँझ, 25 च्या आसपास जांभळा, 30 ला गडद निळा, 40 ला फिकट निळा. त्यानंतर 50 जवळ रंग इतका फिका, चंदेरी होतो की सगळं उतरलं असं वाटून लोक थांबतात. थांबू नका. 60 ला सोनेरी येतो, 70–75 ला गुलाबी आणि 90 च्या पुढे हिरवट निळा, हिरवा. धातूची जात आणि पृष्ठभाग यांनुसार आकडे थोडे सरकतात, म्हणून त्याच धातूच्या तुकड्यावर आधी पाहून घ्या. हिरवा सगळ्यांत हट्टी: पृष्ठभाग निर्मळ नसेल तर तो चिखलासारखा येतो. खरा लाल आणि काळा या पद्धतीने मिळत नाहीत, त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

करंट जवळपास शून्यावर आला की त्या व्होल्टेजचा थर पूर्ण झाला. पुढे अर्धा तास ठेवलं तरी रंग फारसा हलत नाही. रंग पारखायचा तो मूठ धुऊन, वाळवून, दिवसाच्या उजेडात. ओला असताना तो वेगळाच दिसतो.

व्होल्टेज वाढवून पुढच्या रंगावर जाता येतं, मागे फिरता येत नाही. म्हणून दोन रंग हवे असतील तर चढ्या व्होल्टेजचा आधी. सोनेरी मुठीवर निळी नक्षी हवी तर पूर्ण मूठ 60 ला सोनेरी करा, नक्षीपुरता थर घासून काढा आणि मग 30 ला निळा करा. सोनेरी भागाला दुसऱ्या फेरीत काही होत नाही. उलट क्रमाने केलं तर निळा गेलाच.

वापरताना ‘उडालेला’ रंग

महिन्याभराने रंग मंद वाटला तर तो गेला असं लगेच धरू नका. हाताचं तेल थरावर बसलं की रंग बदललेला दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बहुतेक वेळा तो परत येतो. क्लिपच्या कडा आणि अंगठा घासतो ती जागा मात्र खरोखरच झिजते, कारण थर नॅनोमीटरचा आहे. नाणी-किल्ल्यांच्या खिशात चाकू ठेवत असाल तर क्लिपला रंग न देणंच बरं.

जोडणी करताना वॉशर पूर्वी होते त्याच क्रमाने बसवा, पिव्होटला थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक ठिपका लावा आणि पातं उघडल्यावर लॉक पूर्वीइतकाच घट्ट बसतो का, हे चार-पाच वेळा तपासूनच चाकू खिशात ठेवा.