गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला जाताना: तयारीची यादी

या यादीची सुरुवात गळापासून करू नका. बर्फावर मासे धरायला निघालेला माणूस बहुधा आधी काठी, तंगूस आणि आमिष गोळा करतो, आणि निघता निघता आठवण झालीच तर दोरी पिशवीत कोंबतो. क्रम उलटा हवा. आधी बर्फाची पारख, मग बर्फ फुटला तर बाहेर पडायची साधनं, मग अंगावरचे कपडे, मग भोक पाडायची अवजारं, आणि मासा सगळ्यात शेवटी. लहान तळ्याच्या बाबतीत मी हा आग्रह जास्तच धरेन. मोठ्या सरोवरावर इतर माणसं असतात, कुठला भाग पक्का झालाय आणि कुठला कच्चा आहे याची खबर फिरत असते. घराजवळच्या तळ्याचा बर्फ कोणी मोजलेला नसतो. तो तुम्हालाच मोजायचा आहे.

निघायच्या आधी काही दिवस तळ्याची चौकशी करा. ते कोणाच्या मालकीचं आहे, तिथे उतरायला परवानगी लागते का, मासेमारीचा परवाना हिवाळ्यातही चालतो का, एका माणसाला किती गळ टाकता येतात, जिवंत मासोळी आमिष म्हणून वापरायला बंदी आहे का, हे आधीच विचारून घ्या. हे नियम जागोजागी वेगळे असतात, कधी कधी शेजारच्या दोन तळ्यांचेही वेगळे असतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तळ्यात पाणी येतं कुठून आणि जातं कुठे. ओढा येऊन मिळत असेल, तळाशी झरा असेल, सांडवा असेल, तर त्या जागी हलत्या पाण्यामुळे बर्फ पातळच राहतो. मासे जगावेत म्हणून मालकाने पाण्यात हवा सोडणारा पंप बसवलेला असेल, तर तो तळाचं उबदार पाणी सतत वर आणतो आणि आजूबाजूचा बर्फ आतून पोखरतो. वरून बघताना यातलं काही दिसत नाही, म्हणून विचारायचं.

वस्तीतलं पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं तळं असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: तिथे जाऊच नका. अशा तळ्यात नळांमधून केव्हाही पाणी येतं, कुठे बर्फ वितळला की पातळी वाढते, मग पुन्हा उतरते. पातळी उतरली की बर्फाखाली पोकळी राहते आणि पाण्याचा आधार सुटलेला बर्फ त्याच जाडीला कमी भार पेलतो. शिवाय रस्त्यावर टाकलेलं मीठ वाहून तिथेच येतं आणि खारं पाणी उशिरा गोठतं. एका कोपऱ्यात भक्कम बर्फ असून दहा पावलांवर तो पातळ असणं, हे अशा तळ्यात नेहमीचं आहे.

आता जाडी. नव्या, स्वच्छ, निळसर किंवा काळपट दिसणाऱ्या बर्फाची जाडी किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर असेल तरच पायी जायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा नैसर्गिक संसाधन विभागही पायी मासेमारीसाठी हाच आकडा देतो. पांढरा, दुधाळ बर्फ बर्फवृष्टीतून आणि अर्धवट वितळून पुन्हा गोठल्याने तयार होतो, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि त्याची ताकद साधारण निम्मीच धरावी लागते. तिथे ४ इंचांऐवजी ८ इंच हवेत. थर एकावर एक असतील तर जाडी मोजताना स्वच्छ थर वेगळा बघा. हिवाळा सरताना करडा पडलेला, ओलसर, उभ्या काड्यांसारखा सुटणारा बर्फ कितीही जाड दिसला तरी त्यावर पाय ठेवू नका. तेव्हा मोजमाप उपयोगाचं राहत नाही.

लहान तळं उथळ असतं, त्यात उष्णता कमी साठलेली असते आणि वाराही कमी लागतो, म्हणून ते मोठ्या सरोवराच्या आधी गोठतं. हंगामाची सुरुवात इथून होते ती याचमुळे. पण पहिल्या पातळ थरावर लगेच बर्फ पडला, तर तो भुसभुशीत बर्फ गोधडीसारखा काम करतो: वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि बर्फ जाड व्हायचा वेग मंदावतो. बाहेर कडाक्याची थंडी असताना तळं मागे राहतं ते या कारणाने. थर्मामीटर बघून अंदाज बांधणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

मोजायला एक पहार आणि एक मोजपट्टी पुरते. पहारीला टोकदार किंवा छिन्नीसारखं पातं हवं, आणि वरच्या टोकाला मनगटात अडकवायची दोरी हवीच, नाहीतर बर्फ फुटला की पहार थेट तळाशी जाते. काठावरून पुढे जाताना प्रत्येक पावलाआधी समोर जोरात ठोका द्यायचा. पहार पहिल्याच ठोक्यात आरपार गेली, तर तिथून आल्या पावली मागे. पक्क्या बर्फावर ठोका घट्ट, भरीव लागतो, पातळ बर्फावर आवाज पोकळ येतो. थोडं पुढे गेलं की गिरमिटाने भोक पाडायचं, मोजपट्टीच्या टोकाची आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून जाडी बघायची, आणि दर काही पावलांनी हेच पुन्हा करायचं. एका भोकाचा आकडा सगळ्या तळ्याला लागू होत नाही. बोरूची बेटं, धक्क्याचे खांब, पाण्यात पडलेलं झाड, काळा दगड, यांच्याजवळचा बर्फ उन्हाने आणि आतल्या उबेने लवकर कमजोर होतो, त्यांच्यापासून लांबून जा. बर्फ अधूनमधून गडगडतो, लांबवर तडा गेल्याचा आवाज येतो. तापमान बदललं की बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो, त्याचा हा आवाज असतो आणि जाड बर्फावरही येतो. मात्र पायाखाली बर्फ वाकतोय, पाणी वर येतंय असं दिसलं, तर लगेच परत फिरायचं.

यानंतरच्या वस्तू पिशवीत ठेवायच्या नाहीत, अंगावर घालायच्या आहेत. बर्फाचे टोचे, म्हणजे मुठीत धरायच्या दोन दांड्या आणि त्यांना पोलादी टोकं, दोरीने जोडून गळ्यात घाला. लाइफ जॅकेट जाड कोटाच्या वर घाला. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधा, कारण गुळगुळीत बर्फावर घसरून डोकं आपटू शकतं. गळ्यात शिट्टी, आतल्या खिशात पाणी न शिरणाऱ्या पाकिटात फोन. फोन शरीराजवळच ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पाण्यावर तरंगणारी, निदान १५ मीटर लांब दोरी सोबत्याकडे हवी, हाताशी, गाठ न पडलेली. सोबतीशिवाय जाऊ नका, आणि दोघांनी एकमेकांपासून अंतर ठेवून चाला, म्हणजे एक पडला तर दुसरा बाहेर राहील.

पडल्यावर काय करायचं, याची उजळणी घरीच करून ठेवा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गार पाण्यात शरीराचं काय होतं याचा अभ्यास केला आणि १-१०-१ हा ठोकताळा लोकांपर्यंत नेला. पहिलं १ मिनिट श्वास आवरायला लागतं: धाप लागते, घाबरायला होतं, तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात येईपर्यंत थांबायचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाला येतात, बाहेर पडायचं ते याच वेळात. आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे वाटतो त्याहून वेळ जास्त असतो, आणि हे माहीत असलेला माणूस कमी हातपाय झाडतो. ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने थोड्या वेळापूर्वी तुमचं वजन पेललेलं आहे. टोचे कडेवर रोवा, पाय मागे सोडून पोहल्यासारखे मारा, अंग आडवं करून वर ओढा. वर आल्यावर उभं राहायचं नाही, गडगडत किंवा सरपटत लांब जायचं. सोबत्यानेही कडेपाशी धावत जायचं नाही, पक्क्या बर्फावर थांबून दोरी फेकायची.

कपड्यांत सुती काहीही नको. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर, वर वारा आणि पाणी अडवणारा कोट. चालताना आणि भोकं पाडताना एक थर काढून ठेवा, बसल्यावर घाला. तंग बूट नकोत. दोन मोजे घालून बोटं आवळली गेली तर रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. हातमोजे दोन जोड तरी घ्या, कारण मासा हाताळून एक जोड भिजणारच. कानटोपी, काळा चष्मा, आणि गाडीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण एक संच, टॉवेलासकट. बसताना पाय थेट बर्फावर न ठेवता खाली फोमचा तुकडा घाला, फरक लगेच कळतो.

अवजारांचं थोडक्यात. लहान तळ्याला हाताने फिरवायचं ६ इंची गिरमिट पुरेसं आहे, पाती मात्र धारदार हवीत, बोथट पात्याने दोन भोकांतच खांदे भरून येतात. पाईकसारखा मोठा शिकारी मासा धरायचा असेल तर ८ इंच घ्या. त्याहून रुंद भोक पाडायचं कारण नाही, त्यात माणसाचा पाय जातो, आणि अनेक ठिकाणी रुंदीवर मर्यादा असते. भोकातला चुरा काढायला झारा, सामान ओढायला घसरगाडी, बसायला उलटी बादली, संध्याकाळसाठी डोक्याला बांधायचा दिवा. तंबू नेणार असाल आणि आत गॅसची शेगडी लावणार असाल, तर दोन बाजूंनी हवा खेळती ठेवा आणि बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्र न्या. या वायूला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर तडक बाहेर या.

आता मासा, आणि इथे मला रेंगाळायला आवडतं. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला, म्हणून हिवाळ्यात थंडगार पाणी वर बर्फालगत आणि किंचित उबदार पाणी तळाशी असतं. मासा तिथे निवांत, मंद असतो. तो आमिषावर झडप घालत नाही, तोंडात घेऊन पाहतो आणि सोडून देतो. म्हणून दोन-अडीच फुटांची लवचिक काठी, टोकाला बारीक स्प्रिंग, ब्लूगिल, क्रॅपी, पर्च या लहान माशांसाठी २ ते ४ पौंडांचा ताण पेलणारा बारीक तंगूस, आणि अगदी छोटा गळ. टंगस्टनचा गळ शिशापेक्षा जड धातूचा, म्हणून तितक्याच आकारात भरभर खाली जातो, शिवाय शिशामुळे पाणपक्ष्यांना होणारी विषबाधा टळते. अळ्यांची डबी आतल्या खिशात ठेवा, बाहेर ठेवली तर गोठतात. गळ सारखा नाचवू नका. थोडा हलवा, मग थांबा, मासा थांबलेल्या गळालाच लागतो. तळाची खोली बघायला गळाला अडकवायचं छोटं वजन न्या आणि आमिष तळापासून फूटभर वर ठेवून सुरुवात करा.

हंगामाच्या सुरुवातीला मासे शेवाळ आणि पाणवनस्पती जिवंत असलेल्या उथळ भागात सापडतात, कारण तिथे प्राणवायू असतो. पुढे बर्फावर बर्फ साचला की प्रकाश आत जात नाही, वनस्पती कुजू लागतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातात. तळाकडचं पाणी आधी निकामी होतं, मासे वर सरकतात, अगदी बर्फाखाली येऊन थांबतात. तेव्हा गळही वर घ्या. उथळ तळ्यात अशा हिवाळ्यात सगळे मासे गुदमरून मरू शकतात. भोकातून कुजका वास आला, मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून असले, तर ते तळं त्या वर्षापुरतं सोडून द्या. एरवीही लहान तळ्यातून मोजकेच मासे घ्या, तिथली संख्या थोड्या माणसांनीही उतरते.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. कडक थंडीत कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठतात. बारीक चिमटा गळ्यात लटकवलेला असला की गळ भोकावरच सुटतो. उरलेलं आमिष आणि त्याचं पाणी तळ्यात ओतू नका.

घरून निघताना कोणत्या तळ्यावर जाताय, कुठल्या बाजूने उतरणार आणि किती वाजता परतणार हे कोणाला तरी सांगा. थर्मासमध्ये गरम पेय घ्या, दारू नको, ती कातडीकडचं रक्त वाढवते आणि शरीराची ऊब बाहेर जाते. मुलं बरोबर असतील तर त्यांचे टोचे आणि जॅकेट त्यांच्या मापाचे आणा आणि बेत छोटा ठेवा, त्यांना गारठा लवकर चढतो. परत निघताना तंगुसाचे तुकडे वेचा, प्रत्येक भोकाशेजारी एक फांदी उभी रोवा, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय जाणार नाही. घरी आल्यावर दोरी मोकळी करून वाळत घाला, गिरमिटाची पाती पुसून त्यांवर आवरण चढवा, आणि गळांचा डबा रात्रभर उघडा ठेवा, बंद डब्यातल्या ओलीने बारीक गळ लवकर गंजतात.