नवा चाकूवाला दारात आला की या चुका टाळा

रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर पाच-सहा जण जमतात. सगळे चाकू जमवणारे, सगळे पंचावन्नच्या पुढचे, आणि सगळ्यांना प्रत्येक गोष्टीवर मत आहे. नव्या पोरांच्या चुका हा आमचा आवडता विषय. एकाने पातं लिंबाने घासलं, दुसऱ्याने टूथपेस्टने, तिसऱ्याने पाचशे रुपयांच्या चाकूला ‘पेशवाईतला’ म्हणून पाच हजार मोजले. चहा संपेपर्यंत हसतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या ओट्यावर एकदा येऊन पुन्हा न फिरकलेल्यांची मोजदाद कोणी करत नाही. मी केली, आणि त्यातले निम्मे आम्हीच पळवले आहेत. म्हणून हे लिहिलंय ते आधी जुन्यांसाठी. नव्यांनी वाचलं तर हरकत नाही, त्यांच्यासाठीही दोन-चार टोले ठेवलेत.

‘ह्याचे किती येतील?’ ऐकताच भडकणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून आधी तीच.

चार पावसाळ्यांपूर्वी मांजलपूरचा एक पोरगा आला. पंचविशीचा, ऑफिसचं आयकार्ड अजून गळ्यातच. चप्पल काढायच्या आत मोबाइल पुढे केला, ‘‘काका, आजोबांचा चाकू आहे. ह्याचे किती येतील?’’ हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. वस्तू काय आहे, कुठली आहे, पातं उघडतं कसं, काही नाही. थेट किती येतील! मी फोटोकडे ओझरतं पाहिलं. काळपट, दोन पात्यांचा घडीचा चाकू, मूठ शिंगाची. म्हटलं, ‘‘भंगारवाल्याला विचार, तो वजनावर सांगेल.’’ ओटा हसला. पोरगाही कसनुसा हसला, चहा घेतला, गेला.

वर्षभराने परत आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू घेऊन. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. ‘‘काका, आता बघा!’’ पात्यात माझं नाक दिसत होतं. मांडवीकडे पितळी भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एकाकडून हिरवा साबण (म्हणजे पॉलिशची वडी) लावून बफवर, फिरत्या कापडी चाकावर, मारून आणला होता. मी भिंग काढलं. मूठ संपून पातं सुरू होतं तिथे अर्धी चांदणी शिल्लक होती. तिच्या शेजारी क्रॉसचा एक हात. खाली इंग्रजी अक्षरांची धूसर शेपटी.

चांदणी आणि माल्टाचा क्रॉस हा शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा शिक्का. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे रॉजर्सच्या चाकूचा इतका दबदबा होता की नकला पुष्कळ निघाल्या, कुठे नावातलं एक अक्षर गाळून, कुठे शिक्क्यात थोडा फरक करून. त्यामुळे अशा चाकूचा सगळा जन्मदाखला त्या नखाएवढ्या जागेत असतो. मुकुटाभोवतीची राजाराणीच्या नावाची आद्याक्षरं, देशाचं नाव आहे की नाही (अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर ‘इंग्लंड’ ठोकायची पद्धत रुळली), ठसा किती खोल, यांवरून काळ लावायचा. ते सगळं बफच्या चिंध्यांत गेलं होतं. नखाने पातं उघडायच्या खाचेची कडसुद्धा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. अस्सल होता की नक्कल, हे आता मीच काय, कोणीही सांगू शकणार नाही.

त्याहून वाईट पुढेच. त्याच्या मोबाइलमध्ये जुने फोटो अजून होते. पहिला मी पाहिला होता तोच. दुसरा पात्याच्या मुळाचा, हललेला, पण मोठा केला की ठसा होता असं कळत होतं. त्या दिवशी मी बोटाने पुढचा फोटो सरकवला नव्हता.

तेव्हापासून किमतीचा प्रश्न आला की मी उलट विचारतो, ‘‘कोणाचा होता?’’ बस. माणूस दहा मिनिटं बोलतो. आजोबा रेल्वेत होते, पेन्सिली तासायचे, आजी आंबे कापायला मागायची. तेवढ्यात माझाही पारा उतरतो. मग सांगतो, खिडकीशी जा, उजेड तिरका पडू दे, पात्याच्या मुळाचा फोटो काढ. आणि तोवर हात लावू नकोस. पाणी नाही, लिंबू नाही, तारेची घासणी तर नाहीच.

काळपट म्हणजे गंज, हा नव्यांचा हमखास घोळ आहे. जुन्या कार्बन पोलादावर वापराने राखाडी-निळसर छटा चढते. तीही गंजाचीच एक जात, पण घट्ट बसलेली, आणि खालच्या पोलादाला थोडं सांभाळणारी. खाणारा गंज तांबूस आणि भुसभुशीत असतो. ओळखायला माझी रीत सोपी आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर दोन थेंब तेल घ्यायचं आणि पाठीकडून धारेकडे हळू पुसायचं. फडकं विटकरी झालं तर गंज आहे, जेमतेम करडं झालं तर पातं आहे तसं राहू द्या. तेल शिलाई मशीनचं. फळं कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफीन. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि घडीत धूळ धरून बसतं.

गंमत बघत बसणं

नव्याच्या हातात अडणारी वस्तू द्यायची आणि तो कसा झटापट करतो ते बघायचं, हा जुन्यांचा घाणेरडा खेळ आहे. आमच्या ओट्यावर तो होत असे. मीही हसत असे.

ओपिनेल बऱ्याच जणांना माहीत असेल. फ्रान्सच्या सावोई भागातला १८९० पासूनचा साधा घडीचा चाकू, बीचच्या लाकडाची मूठ, आणि १९५५ पासून पातं अडवायला मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. लाकूड ते लाकूडच. बडोद्याचा जुलै लागला की मूठ फुगते आणि पातं खाचेत असं आवळलं जातं की नख तुटेल पण उघडणार नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यातल्या एका भाऊंनी कॉलेजातल्या मुलाच्या हातात फुगलेला ओपिनेल ठेवला आणि म्हणाले, ‘‘उघडून दाखव बघू.’’ मुलाने नखाने ओढलं. मग रुमालाने. मग मूठ उजव्या हातात आवळून डाव्या चिमटीने पात्याची पाठ धरून झटका दिला. पातं एकदम सुटलं, चिमूट निसटली, आणि टोक अंगठ्याखालच्या गादीत गेलं. रावपुऱ्यात तीन टाके पडले. त्याच्या आईचा फोन मी घेतला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. मुलगा पुन्हा आला नाही आणि मी त्याला दोष देत नाही.

सांगायला किती वेळ लागला असता? आधी कडीची फट पात्यासमोर आणायची. मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्क करून आपटायचं. धक्क्याने पातं थोडं वर येतं, मग बोटाने उघडतं. सावोईतले लोक हेच करतात, ह्या ठोक्याला त्यांचंच नाव आहे. आणि मे महिन्यात मुठीला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले तर जुलैत एवढी फुगत नाही.

आता आमच्याकडे नियम असा, की नव्याच्या हातात चाकू मिटलेला जातो. देणारा आधी स्वतः एकदा उघडून, मिटून दाखवतो. दोन्ही हातांनी, सावकाश, पात्याच्या वाटेत बोट न ठेवता. मनगटाच्या झटक्याने उघडायची सिनेमातली स्टाइल करणाऱ्याला त्या दिवशी फक्त चहा मिळतो. जुना असला तरी.

पोलादाचे आकडे तोंडावर फेकणं

‘‘डी-२ घे, १०९५ ला गंज चढतो, व्हीजी-१० ची कडकपणाची श्रेणी बघ.’’ नव्याला एवढंच कळतं की आपल्याला काही कळत नाही. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, डी-२ च्या डाय घासल्या, तरी पहिल्या भेटीत पोलादाचं नाव काढत नाही. हातात दोन चाकू देतो, एक गंजणारा, एक न गंजणारा, आणि पेरू कापायला सांगतो.

कायदा न सांगणं

हे विसरलात तर नवा माणूस ओट्यावरून नाही, चौकीवरून परत जाईल.

एक उत्साही गृहस्थ होते. त्यांना आमचा ओटा अडचणीचा वाटायचा. म्हणाले, रविवारी कमाटीबागेत भेटू, म्युझियमजवळच्या झाडाखाली, मस्त सतरंजी टाकू. आणि स्वतः खांद्यावरच्या पिशवीत तीन चाकू आणि एक खुकरी घेऊन स्कूटरवरून निघालेसुद्धा. निघताना फोन केला म्हणून वाचले. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत आहेत, आणि खुकरीचं नाव तिथे स्पष्ट लिहिलंय. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, पण शोभेची खुकरी कुठल्या शेतीची? शिवाय पोलीस आयुक्तांचे हत्यारबंदीचे जाहीरनामे निघतात, त्यात पात्याच्या इंचांची चर्चा कोणी करत बसत नाही. आमचे चाकू घरातून घरात जातात, मिटलेले, डब्यात. पार्कात जात नाहीत.

याच ओघात आणखी दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात सांगून टाका. शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करता येत नाही. आणि सांबरशिंगाच्या मुठीचा सौदा करू नये, तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो.

‘हे काय जमवायचं असतं?’

फाइन आर्ट्सला शिकणारी एक मुलगी आली. तिला तलवारी-कट्यारींत रस नव्हता. लक्ष्मी विलास पॅलेसमधली शस्त्रं पाहून बहुतेक नवे कट्यारीचं स्वप्न घेऊन येतात. ही आली ती आजीचा अडकित्ता घेऊन. भाऊ म्हणाले, ‘‘ताई, विळीपण आणायची होती.’’ पुढच्या रविवारी तिने खरंच विळी आणली, खोबऱ्याच्या चंद्रकोरीसकट. आणि जामनगरच्या सुड्या (गुजराती अडकित्ते), कच्छच्या रेहा गावच्या लोहारांचे चप्पू (चाकू), मुठीवरचं पितळेचं जडावकाम, कुठे तार ठोकली आहे आणि कुठे नुसता पत्रा रिव्हेट केला आहे, हे बोटाने दाखवलं. कच्छच्या भुज नावाच्या हत्याराबद्दल, म्हणजे कुऱ्हाडीसारख्या दांड्यावर खंजिराचं पातं आणि मुळाशी हत्तीचं मस्तक, आम्ही जन्मभर गुजरातेत राहून तिच्याइतकं बारकाईने पाहिलं नव्हतं. भाऊ आता स्वतः सुड्या शोधत फिरतात. कबूल करत नाहीत.

दमास्कसची थट्टा

नव्याने ‘दमास्कस’ म्हणून लाटालाटांचं पातं आणलं की खो-खो हसायची पद्धत आहे. समजावून सांगा की हल्लीचं दमास्कस म्हणजे दोन जातींचं पोलाद थरावर थर जोडून, आम्लात बुडवून उठवलेली नक्षी. जुन्या मुशीतल्या पोलादाचा जौहर, म्हणजे अंगची नक्षी, धातू थिजताना आणि मग घडवताना पोटातच तयार व्हायचा. आणि बाजारातल्या स्वस्त पात्यांवर तर नुसतं वरवर खोदकाम असतं. बारीक पॉलिश पेपर फिरवला की लाटा जातात आणि आम्लात घातलं तरी परत येत नाहीत. त्याच्यासमोर त्याच्या चाकूवर हा प्रयोग मात्र करू नका. आमच्यातल्या एकाने केला.

धार लावून देणं

नव्याला स्वतः लावू द्या. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर तर अजिबात पाठवू नका. ठिणग्या उडता उडता कड निळी झाली की पाणी उतरलं समजा. कार्बन पोलाद तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं आणि तेवढी जागा मऊ होते, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. निसणा द्या, पाणी द्या, आणि अर्धा तास बोलू नका. ‘‘काका, झालं का?’’ असं दर दोन मिनिटांनी विचारणाऱ्यावर मात्र माझाही संयम संपतो. एकाने विचारून विचारून अकरा मिनिटांत धार लावली, महिन्यात अकरा चाकू विकत घेतले, आणि पुढच्या महिन्यात सगळे विकायला काढले. त्याला मी थांबवलं नाही. दोन त्यातले मीच घेतले.

मांजलपूरचा पोरगा अजून येतो. तो आरशासारखा चाकू त्याने विकला नाही. आमच्या ओट्यावर नवा कोणी ‘‘पॉलिश करून घेऊ का?’’ म्हणाला की तो काही न बोलता खिशातून डबी काढतो, चाकू उघडतो, आणि भिंग त्याच्या हातात देतो.