समुद्र मागे गेला तर बघत उभं राहू नका: त्सुनामीत काय करायचं

त्सुनामी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती पिक्चरमधली उंच, वळलेली लाट. किनाऱ्यावर बहुतेक वेळा असलं काही दिसत नाही, दिसतं ते गढूळ पाणी, जे भरतीसारखं चढायला लागतं आणि थांबायचं नावच घेत नाही. खोल समुद्रात ती ताशी 700-800 किमीने धावते पण उंची जेमतेम मीटरभर, जहाजावरच्यांना पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की वेग पडतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि उंची वाढते. वेग पडला तरी 30-40 किमी असतोच, त्यामुळे लाट दिसल्यावर पळू हा विचार सोडा.

किनाऱ्यावर असताना भूकंप झाला, उभं राहता येईना इतका जोरात किंवा 20 सेकंदांच्या वर लांबलेला, तर आधी डोकं सांभाळा आणि हादरे थांबले की लगेच उंचावर निघा. भोंग्याची वाट बघू नका, 2018 ला इंडोनेशियात पालूमध्ये पाणी काही मिनिटांतच आलं होतं. भूकंप लांब कुठे झाला असेल तर तुम्हाला काहीच जाणवणार नाही, तिथे मात्र अलर्ट आला की निघायचंच.

समुद्र अचानक मागे जाऊन तळ उघडा पडला तरी तेच. लोक नेमके तेव्हाच शिंपले वेचायला आणि व्हिडिओ काढायला खाली जातात, काय बोलणार! 2004 ला थायलंडच्या फुकेत बेटावर एका बीचवर 10 वर्षांच्या मुलीने पाण्याला आलेला विचित्र फेस बघून ओळखलं, कारण ती दोनच आठवड्यांपूर्वी हे भूगोलात शिकली होती, तिने आरडाओरडा केला आणि बीच रिकामा झाला. पण पाणी दर वेळी आधी मागे जाईलच असं नाही, कधी सरळ चढायलाच लागतं.

जायचं कुठे? जमेल तर 30 मीटर उंचीवर किंवा 3 किमी आत, नाहीतर मजबूत काँक्रीट बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या वर. शक्यतो पायीच, गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. नदी आणि खाडीच्या काठाने जाऊ नका, पाणी तिथून खूप आत शिरतं. बेटाच्या मागच्या बाजूला आहोत म्हणून सेफ असंही नसतं, लाट वळसा घालून येते, 2004 ला श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्याला असाच फटका बसला.

गुडघाभर पाण्याने काय होतंय असं वाटतं ना? एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, त्यात पत्रे, लाकडं, गाड्या वाहत येतात, आणि परत जाताना तेच पाणी माणसाला समुद्राकडे ओढतं. सापडलातच तर तरंगणारं काहीतरी घट्ट धरा.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे लवकर परत जाणं. लाटा अनेक येतात, मध्ये 10 मिनिटं ते तासभर जातो, आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. 1960 ला चिलीच्या भूकंपानंतर हवाईच्या हिलो शहरात भोंगे काही तास आधीच वाजले होते, पहिल्या लाटा लहान निघाल्या म्हणून काही लोक परत फिरले, नंतरच्या मोठ्या लाटेने 61 जण गेले. त्यामुळे धोका टळला असं अधिकृतपणे सांगेपर्यंत वरच थांबा, मग कितीही तास लागू देत. बोट बंदरात असेल तर ती सोडून पायी वर जा, खोल समुद्रात असाल तर तिथेच थांबा, बंदराकडे येऊ नका.