ऍक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळले होते. दोष फिल्टरचा निघाला

टाकीतला ऍक्सोलॉटल, म्हणजे डोक्याच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला, पाण्यात राहणारा उभयचर प्राणी. कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं, दिवसभर काचेला नाक लावून येरझाऱ्या. पाणी 17 अंश, अमोनिया-नायट्राइट (टाकीच्या पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं) शून्य. खाद्य बदललं, थोडंथोडं पाणीही बदललं. ढिम्म फरक नाही. तीन आठवडे डोक्याला नुसता ताप.

मग गांडुळाचा तुकडा पाण्यात सोडून पाहिला. तळाशी जायच्या ऐवजी तो टाकीभर वाहत गेला. म्हणजे प्रवाह!

आधी फिल्टरचं तोंड मागच्या काचेकडे वळवलं. त्यावर जाड स्पंज चढवला. पुन्हा तुकडा सोडला, सरळ खाली बसला. मग चार इंची पाइपचा तुकडा कडा घासून त्याला लपायला आडवा ठेवला आणि दिवा बंद केला (या प्राण्याला पापण्या नसतात).

चौथ्या दिवशी कल्ले मागे. आता गांडूळ चिमट्याने, दर खेपेला वेगळ्या कोपऱ्यात. पठ्ठ्या हुंगत येतो.