मॉरिशसचे मराठी आडनाव आणि कोकणातले मूळ गाव: शोध कसा घ्यावा

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांत मूळ गावाची चौकशी नवी नाही. पण भारत सरकारने तेथील भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओळखपत्राची) पिढ्यांची मर्यादा सातव्या पिढीपर्यंत नेण्याचे मार्च २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून तिला कागदोपत्री महत्त्वही आले आहे. अशी चौकशी करणारे बहुतेक जण हातातल्या आडनावापासून सुरुवात करतात, कोकणात त्या आडनावाचे कोण कोण आहेत हे विचारत राहतात आणि तेथेच अडकतात. मॉरिशसच्या बाबतीत आडनाव हा सर्वांत कच्चा दुवा आहे. खरा दुवा म्हणजे बोटीतून उतरलेल्या पहिल्या पूर्वजाला मिळालेला इमिग्रेशन क्रमांक. आणि गावाकडचे खरे आडनाव सापडलेच, तर ते शोधाच्या अगदी अखेरीस सापडते.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणण्याची पद्धत सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक तेथे पोहोचले. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता बंदरातून गेले, त्याखालोखाल मद्रासमधून. मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता आणि तोही मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतला आहे. मराठी पूर्वजाचा शोध त्यामुळे काळाच्या दृष्टीने बराच आटोपशीर होतो, पण तो काळ जुना असल्याने नोंदी त्रोटक असण्याची तयारी ठेवावी लागते.

त्या काळी कोकणातला कुणबी किंवा महार कुटुंबातला माणूस सरकारी कारकुनासमोर आपले आणि बापाचे नाव सांगत असे. आडनाव विचारले जाईच असे नाही आणि सांगितले जाईच असेही नाही. मॉरिशसमध्ये त्याच्या मुलांची नोंद झाली तेव्हा बापाचे नाव हेच मुलांचे आडनाव ठरले. सखाराम नावाच्या मजुराचे वंशज आज 'साकाराम' आडनावाने ओळखले जात असतील, तर सखाराम हे त्या घराण्याच्या मूळ पुरुषाचे केवळ पाळण्यातले नाव आहे. त्याच्या गावी त्याची भावकी मोरे, जाधव, घाणेकर किंवा आणखी कोणत्याही आडनावाची असू शकते. त्यात फ्रेंच वळणाच्या कारकुनांनी कानाला आले तसे लिहिल्यामुळे लक्ष्मणचा कोठे 'लुचमन' तर कोठे 'लक्झिमन' झाला, आणि एकाच आईबापांच्या दोन मुलांच्या दाखल्यांवर दोन वेगवेगळी रूपे चढली. 'जी'ने संपणारे आडनाव पाहून ते मराठीच असणार असे समजणेही धोक्याचे आहे, कारण मुंबईहून गुजराती लोकही गेले.

म्हणून आरंभ स्वतःच्या जन्मदाखल्यापासून करून एकेक पिढी मागे जावे. मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून वडिलांचा जन्म आणि विवाह, आजोबांचा जन्म आणि विवाह, पणजोबांचा जन्म, अशी दाखल्यांची साखळी मिळवावी. मधला एकही दुवा गाळू नये, कारण एकाच नावाची दोन माणसे एका मळ्यावर असणे अगदी सामान्य होते. जुन्या दाखल्यांवर, विशेषतः भारतातून आलेल्या पिढीच्या मुलांच्या जन्मनोंदींवर आणि त्या पिढीच्या स्वतःच्या विवाह व मृत्यूच्या नोंदींवर, नावाच्या शेजारी एक आकडा लिहिलेला आढळतो. तोच इमिग्रेशन क्रमांक. वडिलांचा क्रमांक पुसट असेल तर आईचा पाहावा. स्त्रियांनाही स्वतंत्र क्रमांक होता, आणि नवरा-बायको एकाच गावचे निघाले तर तिच्या नोंदीवरूनही गाव सापडते. एका मुलाच्या दाखल्यावर आकडा नसेल तर त्याच्या सर्व भावंडांचे दाखले काढावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण येथे वाचवलेले पैसे पुढे दामदुप्पट जातात.

क्रमांक हाती आला की मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या भारतीय स्थलांतर अभिलेखागाराकडे अर्ज करावा. मजुरांच्या आगमनाच्या मूळ नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत आणि वंशजाला दाखल्यांच्या आधारे आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळू शकतो. नोंदीत सर्वसाधारणपणे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, जहाज, आगमनाची तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवले ते, आणि भारतातील जिल्हा, परगणा व गाव अशी माहिती असते. छायाचित्रे घेण्याची पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली, तेव्हा १८४५ साली आलेल्या पूर्वजाचे छायाचित्र नसले तर निराश होऊ नये. मात्र करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही पुढे छायाचित्र असलेले तिकीट बाळगावे लागे, म्हणून त्यासंबंधी स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

उताऱ्यातला प्रत्येक रकाना सारख्याच विश्वासाने वाचू नये. जहाज आणि तारीख भरवशाची असते, वय अंदाजाचे असते, आणि जातीचा रकाना कारकुनाच्या समजुतीवर आणि सांगणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून असतो. गावाच्या जागी कधी जवळच्या मोठ्या गावाचे किंवा बाजारपेठेचे नाव येते. सर्वांत जास्त वेळ याच रकान्यासाठी राखून ठेवावा.

समजा नोंदीत जिल्हा रत्नागिरी, परगणा 'उंजनवेल' आणि गाव 'पालसेट' असे आहे. आजच्या नकाशावर अंजनवेल हे गुहागर तालुक्यातले, किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे, परंतु त्या काळी अंजनवेल हे संपूर्ण तालुक्याचे नाव होते. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांचेही तसेच. किल्ल्यांच्या नावाने तालुके ओळखले जात. म्हणून 'विजयदुर्ग' वाचून थेट विजयदुर्ग बंदरात जाऊन चौकशी करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. वरील उदाहरणात गुहागर, चिपळूण भागातल्या गावांची यादी उघडून उच्चाराला जुळणारी नावे टिपली की 'पालशेत' समोर येते. दुसरे कोणते गाव जुळते का, हेही त्याच वेळी तपासावे, कारण कोकणात एकाच नावाची गावे बरीच आहेत. खुर्द-बुद्रुक वेगळे असते आणि गावाच्या नावापुढे 'तर्फ' (जुना महसुली विभाग) जोडून केलेला भेद कारकुनाने हमखास गाळलेला असतो. १८८० चे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर जुन्या विभागांची माहिती देते आणि या कामी फार उपयोगी पडते.

जिल्ह्यांच्या हद्दीही ध्यानात ठेवाव्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला; त्यापूर्वीचे मालवण, देवगड, कणकवली रत्नागिरीतच शोधावे लागते, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. रायगड जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाची नोंद कोणत्या सालातली आहे त्यावर इकडचे कागद कोठे शोधायचे ते ठरते.

मुंबईत फोर्टमधील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे. तेथे मुंबई सरकारच्या परदेशगमनासंबंधीच्या पत्रव्यवहाराचे खंड पाहता येतात. जहाजाबद्दल, भरतीबद्दल त्यांतून बरेच कळते, पण आपल्या पूर्वजाचे नाव त्यांत मिळेल या अपेक्षेने महिनाभर बसू नये. गाव नक्की झाले असेल तर त्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी जाणे बरे. तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांत जुने फेरफार, आकारफोडीची (जमिनीच्या पोटविभागणीची) पत्रके आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. यातले बहुतेक कागद पूर्वज निघून गेल्यानंतरचे आहेत, हे विसरू नये. शिवाय तो खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ असला, तर जमीन त्याच्या नावावर कधी नव्हतीच. म्हणजे शोधायचे ते त्याचे नाव नव्हे. त्याच्या बापाच्या नावाचा, त्याच वाडीतला, त्याच जातीचा जो कोणी मागे राहिला त्याचा वंश शोधायचा. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, तरी जुन्या खोत घराण्यांकडे कुळांच्या याद्या असतात आणि सौजन्याने विचारल्यास काही जण त्या दाखवतात.

हे कागद बहुधा मोडीत असतात. सुदैवाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांची मागणी वाढली आहे आणि जुन्या नोंदी चाळून बाहेरही निघाल्या आहेत. काही जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर त्या गावनिहाय पाहता येतात. ही शोधमोहीम वेगळ्याच कारणासाठी झाली असली तरी वंशावळ शोधणाऱ्याने तिचा लाभ अवश्य घ्यावा. गाव आणि आडनाव दोन्ही कळल्यानंतर नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहता येतात, मात्र गावाचे नाव हाती नसताना तेथे जाणे व्यर्थ आहे, कारण वह्या गावाच्या व आडनावाच्या क्रमानेच लावलेल्या असतात. डीएनए चाचणीने दूरचे नातेवाईक कळतील, वाडी कळणार नाही.

घरातल्या आठवणीही लिहून काढाव्यात, पण कागदाच्या जोडीला. मॉरिशसच्या मराठी गणेशोत्सवात 'झाकरी' नाचतात. ती रत्नागिरीकडची जाखडी (गणपतीत नाचला जाणारा लोकनाच) आहे, आणि एवढ्यावरून समाजाचे मूळ कोणत्या पट्ट्यातले ते दिसते, कुटुंबाचे नव्हे. कुळदेवाचे नाव, लग्नातला एखादा वेगळा विधी, वर्ज्य मानलेली एखादी वस्तू, आजीच्या तोंडचे देवाला घालायचे एखादे गाऱ्हाणे यांतून मात्र दोन सारख्या नावाच्या गावांपैकी कोणते आपले, हे ठरू शकते.

गावात प्रत्यक्ष जाताना एक पथ्य पाळावे. परदेशातून कोणी पूर्वजांची चौकशी करीत आला की 'हे सातबाऱ्यावर नाव लावायला आले' अशी शंका प्रथम येते, आणि ती आली की माहिती असणारा माणूसही गप्प होतो. आपल्याला जमिनीत हिस्सा नको, हे पहिल्याच भेटीत, पोलीस पाटील किंवा गावच्या मानकऱ्यांच्या समक्ष स्पष्ट सांगावे आणि फेरफाराच्या नकला मागण्यापूर्वी वाडीतल्या वयस्क माणसांशी बोलून घ्यावे. ग्रामदेवतेच्या देवळात कोणत्या घराण्याचा कोणता मान आहे आणि कोणते घर 'परागंदा' म्हणून सांगितले जाते, हे तेथेच कळते. भेटीसाठी शिमगा किंवा गणपतीचे दिवस निवडावेत. एरवी कोकणातली निम्मी घरे कुलूपबंद असतात, पण त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, पालखी घरोघर फिरते आणि भावकीतली सगळी माणसे एका ओटीवर भेटतात.