उन्हाळ्यातली नासर्डी कशी तपासावी

नंदिनी हे नाव कागदावर असले तरी नाशिककर तिला नासर्डीच म्हणतात. सातपूरकडून शहरात शिरून टाकळीला गोदावरीत मिळणाऱ्या या नदीचा एखादा टप्पा तपासायचा असेल, तर फेब्रुवारी ते मे हे महिने निवडावेत. पावसाळ्याचा पूर सर्व घाण पातळ करतो. उन्हाळ्यात मात्र नैसर्गिक झरे आटलेले असल्यामुळे पात्रात जे वाहते, ते बहुतांशी आपल्याच घरांतले व कारखान्यांतले पाणी असते.

पात्राला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक जागा ठरवावी. दोन्हीकडे टीडीएस मीटर बुडवून आकडे लिहावेत. खालचा आकडा एकदम चढला, तर त्या नाल्यातून काहीतरी मिसळत आहे असे समजावे. मात्र हे यंत्र विरघळलेले क्षार मोजते, सेंद्रिय घाण नव्हे, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते, म्हणून खरी परीक्षा विरघळलेल्या ऑक्सिजनची. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. साध्या रासायनिक किटने तो मोजता येतो, पण दुपारी तीनला मोजून समाधान मानणे ही नेहमीची चूक होय. हिरवे शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडते आणि रात्री स्वतःच तो वापरते, त्यामुळे सर्वांत कमी आकडा सूर्योदयाच्या सुमारास मिळतो आणि मासे मरतात ते बहुधा त्याच वेळी. याउलट पाणवेलींनी पृष्ठभाग झाकलेला असेल, तर ऊन आत पोहोचत नसल्यामुळे दुपारीही ऑक्सिजन वाढत नाही.

मग काठालगतचे पाण्यातले दगड काठीने उलटावेत. मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्ले चिकटलेली दिसली, तर पाणी बरे आहे. केवळ तांबड्या, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत असतील, तर ऑक्सिजन नाहीसा होत चालला आहे. त्यांच्या अंगातील हिमोग्लोबिनमुळे त्या अशा पाण्यातही तग धरतात. शेकाट्यांचा थवा पाहून मात्र हुरळू नये, कारण हा पक्षी सांडपाण्यातही मजेत चरतो.

पाण्यात उतरू नये आणि रबरी हातमोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून येथे येऊ शकतात. नोंदीत वेळ, वास, रंग आणि फेस लिहावा. रंगीत किंवा रसायनाचा वास येणारे पाणी आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मैलापाणी असल्यास महापालिकेकडे, छायाचित्र व ठिकाणासह लेखी तक्रार द्यावी.